निवृत्तांच्या संकुलात आकाशदर्शन : तिथी ठरवण्यापासून दुर्बीण डब्यात ठेवण्यापर्यंत

ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलांमध्ये वाचनालय, भजनी मंडळ, कॅरम आणि सकाळचा योगवर्ग वर्षानुवर्षे नीट चालतो. आकाशदर्शन मात्र बहुधा एकदाच होते. कोणाचा तरी नातू दुर्बीण आणतो, समिती सोयीचा शनिवार पाहून फलक लावते, पंचवीस-तीस मंडळी गच्चीवर पाऊण तास रांगेत उभी राहतात, प्रत्येकाला पाच सेकंद एक झगझगीत पांढरा गोळा दिसतो आणि सगळे गुडघे धरून जिना उतरतात. पुढच्या वेळी कोणी नाव देत नाही. यात दोष दुर्बिणीचा क्वचितच असतो. कामांचा क्रम उलटा लागलेला असतो : आधी उपकरण, मग तारीख, आणि खुर्च्यांचा विचार सर्वांत शेवटी. खालील टप्पे वीस-पंचवीस जणांचा गट, साठ ते पंच्याऐंशी हे वय आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या शहराच्या कडेला असलेल्या संकुलाची गच्ची, असे गृहीत धरून लिहिले आहेत.

१. आधी तिथी, मग वार

कोजागरीला आकाशदर्शन ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्यप्रकाश आपल्या बाजूने सरळ पडत असल्याने तिथल्या डोंगरांच्या आणि विवरांच्या सावल्या दिसत नाहीत, चंद्रबिंब सपाट वाटते आणि त्याच्या उजेडात बाकीचे आकाश धुऊन निघते. कोजागरी मसाला दुधासाठी आणि गाण्यांसाठी राखून ठेवावी. आकाशदर्शनाच्या दोन वेगळ्या रात्री धराव्यात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

चंद्राची रात्र शुक्ल षष्ठी किंवा सप्तमीला ठेवावी. अष्टमीही चालते, पण त्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी चंद्र बराच वर, कधी जवळजवळ डोक्यावर असतो आणि मान दुखते. षष्ठी-सप्तमीचा चंद्र साडेसात-आठपर्यंत पश्चिमेकडे कललेला असतो, त्यामुळे बसून पाहता येतो. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर, म्हणजे जिथे सावल्या सर्वांत लांब पडतात तिथे, या दोन दिवशी थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही एकमेकांना लागून असलेली तीन मोठी विवरे उत्तम दिसतात.

ताऱ्यांची रात्र अमावास्येच्या आसपास किंवा वद्य पंचमीनंतर ठेवावी. वद्य पंचमीला चंद्र रात्री दहाच्या आसपास उगवतो आणि पुढे रोज साधारण पन्नास मिनिटे उशीर करतो, त्यामुळे संध्याकाळचे दोन-अडीच तास अंधाराचे मिळतात. दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. या कामासाठी एका दिवसाचा फरक पडला तरी बिघडत नाही, त्यामुळे त्यावरून वाद घालू नये.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये धूळ वाढते, तरी काम भागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रयत्न करू नये. लक्ष्मीपूजनाची अमावास्या कागदावर आदर्श वाटते, पण फटाक्यांचा धूर पुढे काही दिवस क्षितिजावर रेंगाळतो, ती टाळावी.

*तपासणी :* मुख्य तारखेसोबत लगेचच्या दोन राखीव तारखा त्याच फलकावर लिहिल्या आहेत का? ढग आल्यावर महिनाभर पुढे ढकललेला कार्यक्रम सहसा होत नाही.

२. गच्चीची पाहणी, एकदा दिवसा आणि एकदा अंधारात

दिवसा गच्चीवर जाऊन जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत काय काय आडवे येते ते पाहावे. सोलर हीटरचे पाइप, डिश अँटेनाच्या तारा, पाण्याच्या टाकीचा ओटा, उंबरठ्याची दोन इंचांची पायरी आणि कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या या गोष्टी उजेडात कोणाला खटकत नाहीत, कारण रोजची सवय असते. अंधारात सवयच घात करते. दोऱ्या त्या दिवसापुरत्या सोडून ठेवाव्यात. पाइपवर आणि पायरीच्या कडेवर पांढरा चिकटपट्टीचा पट्टा लावावा. रंगीत पट्टा अंधारात दिसत नाही.

रात्रीची पाहणी ज्या वेळी कार्यक्रम आहे त्याच वेळी करावी. शेजारच्या इमारतीचा फ्लडलाइट, आवारातला हायमास्ट आणि क्लबहाउसची रोषणाई कोणत्या दिशेने डोळ्यात येते ते तेव्हाच कळते. संकुलाचे स्वतःचे दिवे दीड तास बंद ठेवण्याची परवानगी समितीकडून लेखी घ्यावी आणि ती सुरक्षारक्षकाच्या हातात द्यावी. तोंडी सांगितलेले नऊ वाजता पाळी बदलली की हवेत विरते आणि नेमके कृत्तिका दाखवताना गच्ची लख्ख उजळते.

पूर्व आणि दक्षिण दिशा मोकळ्या असणे हिवाळ्यात महत्त्वाचे. उत्तर दिशा मे महिन्यात सप्तर्षींसाठी लागते.

ध्रुव तारा शोधायचा असेल तर तो क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो जेवढे त्या गावाचे अक्षांश : पुण्यात साधारण साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस, पणजीत साडेपंधरा. हात सरळ पुढे धरून मूठ आवळली तर ती सुमारे दहा अंश झाकते; म्हणजे पुण्यात दोन मुठींच्या किंचित खाली. उत्तरेला तीन मजल्यांची इमारत जवळ असेल तर ध्रुव तारा दिसणार नाही, हे आधीच कळलेले बरे.

सावधान : मोबाइलमधले आकाशाचे अॅप लोखंडी कठडा, टाकीचा सांगाडा किंवा लिफ्टच्या खोलीजवळ धरले तर त्यातले होकायंत्र भलतीच दिशा दाखवते. दिशा दिवसा सूर्यावरून ठरवून कठड्यावर खडूने लिहून ठेवाव्यात.

३. लाल उजेडाची व्यवस्था

अंधाराला डोळा सरावण्यासाठी वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि उतारवयात थोडी अधिकच. एक पांढरा टॉर्च किंवा मोबाइलचा पडदा ही कमाई क्षणात घालवतो. मंद लाल उजेडाने मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून स्टेशनरीच्या दुकानातला लाल जिलेटिन कागद आणावा, टॉर्चवर दुहेरी गुंडाळून रबरबँड लावावा आणि असे पाच-सहा टॉर्च तयार ठेवावेत.

येथे संयोजक दुसऱ्या टोकाला जातात आणि जिन्यातला दिवाही घालवतात. तसे कदापि करू नये. जिना, लिफ्टचे दार आणि गच्चीचा उंबरठा या तीन जागी उजेड राहिलाच पाहिजे. तिथल्या दिव्यांखाली लाल कागद लावावा आणि तो दिव्याला चिकटणार नाही इतका दूर ठेवावा. आकाश थोडे कमी दिसले तरी चालेल, खुब्याचे हाड मोडलेले चालणार नाही.

मोबाइल खालीच ठेवावेत असा आग्रह निष्फळ ठरतो, कारण अनेकांना परदेशातल्या मुलांचा फोन याच वेळी येतो. त्याऐवजी फोन खिशात पालथा राहील आणि बोलायचे असल्यास जिन्याच्या आत जाऊन बोलायचे, एवढा नियम करावा. तो पाळला जातो.

४. खुर्च्या, जेवण, औषधे

हा टप्पा सर्वांत कमी वेळ मिळणारा आणि सर्वांत जास्त कार्यक्रम मोडणारा आहे.

उभे राहून मान मागे टाकल्याने या वयात अनेकांना चक्कर येते. म्हणून प्रत्येकाला बसायला हात असलेली खुर्ची हवी. प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून अंधारात उठताना आधार मिळत नाही. पाठ मागे रेलता येईल अशा आरामखुर्च्या असतील तेवढ्या गोळा कराव्यात आणि त्या मानेचा किंवा पाठीचा त्रास असलेल्यांसाठी राखाव्यात. खुर्च्यांची मांडणी दुर्बिणीभोवती गोल न करता, त्या रात्री जे पाहायचे आहे त्या दिशेला तोंड करून दोन अर्धवर्तुळांत करावी. दोन खुर्च्यांमध्ये काठी किंवा वॉकर जाईल एवढी जागा असावी.

कार्यक्रमाची वेळ हिवाळ्यात साडेसात ते नऊ यापलीकडे नेऊ नये. मधुमेह असलेल्यांचे जेवण आणि गोळ्या ठरलेल्या वेळी असतात. "आकाश पाहून मग जेवू" ही घोषणा त्यांच्यासाठी नाही. सात वाजता जेवण उरकून वर यावे, किंवा ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी खाण्याचे काही गच्चीवर ठेवावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणारे लोक स्वच्छतागृह दूर असेल तर न सांगता येतच नाहीत. वरच्या मजल्यावरचे एखादे घर त्या दीड तासासाठी उघडे ठेवण्याची विनंती करावी आणि ती माहिती आमंत्रणातच द्यावी.

शाल, कानटोपी, मोजे. खुर्चीत स्थिर बसल्यावर डिसेंबरची हवा वाटते त्यापेक्षा जास्त लागते. डासांसाठी मलम लावल्यास बोटे धुऊन मगच उपकरणाला हात लावावा, कारण अशा बऱ्याच मलमांतला घटक प्लास्टिकला आणि भिंगावरच्या लेपाला खराब करतो.

*तपासणी :* नावे नोंदवताना तीन प्रश्न विचारले आहेत का? जिना चढता येतो का, कानाचे यंत्र आहे का, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का. तिन्हींची उत्तरे पुढे लागणार आहेत.

५. साधनांची निवड

पहिल्या दोन कार्यक्रमांसाठी दुर्बीण विकत घेऊ नये. आकाशप्रेमींच्या संस्था, उदाहरणार्थ पुण्यातली १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे १९८५ पासूनचे खगोल मंडळ, यांच्याशी संबंधित जाणकार जवळपास राहत असतील तर त्यांना बोलवावे; तेही नसेल तर दोन बायनॉक्युलरवर रात्र उत्तम साजरी होते.

बायनॉक्युलरवरच्या आकड्यांत पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटर उघडते, सत्तरीत ती पाच किंवा त्याहूनही कमी उघडते. म्हणून जुन्या पुस्तकांत आकाशासाठी सुचवलेले ७×५० हे माप या गटाला फुकट जाते, कारण त्याचा सात मिलिमीटरचा झोत बाहुलीत मावतच नाही. ८×४० किंवा ८×४२ घ्यावे. १०×५० चा झोतही पाच मिलिमीटरचाच असतो आणि त्यातून अधिक दिसते, पण ते जड असते आणि हात थरथरणाऱ्याला त्यातून प्रत्येक तारा नाचताना दिसतो. ते तिपाईवर बसवणार असाल तरच घ्यावे. २०×५० लिहिलेले स्वस्त बायनॉक्युलर हातात धरून कोणालाच उपयोगाचे नाही.

चष्म्याबद्दल गोंधळ नेहमी होतो. फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढावा आणि फोकस फिरवून प्रतिमा स्पष्ट करून घ्यावी. तिरका नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवावा आणि आयपीसवरची (डोळा लावायच्या भिंगावरची) रबरी टोपी खाली दुमडावी. मोतीबिंदू अजून काढलेला नसेल तर चंद्राभोवती आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. ती उपकरणाची चूक नव्हे. काढला असेल तर पिवळट पडलेले भिंग निघून गेल्याने निळसर छटा अधिक स्वच्छ दिसतात, आणि मृगातल्या राजन्य ताऱ्याचा रंग या मंडळींना इतरांपेक्षा चटकन कळतो. त्यांना मुद्दाम तो विचारावा.

दुर्बीण घ्यायचीच झाली तर खोक्यावर "५२५ पट" असे छापलेली घेऊ नये. उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा भिंगाच्या किंवा आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट धरतात, त्यामुळे साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीला एकशेवीसच्या पुढे काहीही धड दिसत नाही. सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) ही या कामासाठी समजूतदार निवड आहे : ती जमिनीवर पक्की बसते, हाताने ढकलून फिरते, आणि वस्तू फार उंचावर नसेल तर खुर्चीत बसून आयपीसला डोळा लावता येतो. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, ते आधीच सांगून ठेवावे.

६. दिवसाउजेडी जुळवणी

दुर्बिणीच्या अंगावर बसवलेली छोटी फाइंडर (वस्तू शोधायची दुर्बीण) आणि मुख्य नळी एकाच दिशेला पाहत आहेत की नाही, हे संध्याकाळी पाचच्या आत पाहून घ्यावे. अर्ध्या किलोमीटरपेक्षा दूरचा मोबाइल मनोरा किंवा देवळाचा कळस मुख्य आयपीसच्या मध्यभागी आणावा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तिच्या मध्यभागी तोच कळस आणावा. जवळची वस्तू घेतल्यास जुळवणी रात्री चुकते. हे काम अंधारात करायला घेतलेला माणूस पंचवीस जणांना अर्धा तास ताटकळत ठेवतो.

सावधान : ही जुळवणी सूर्याच्या विरुद्ध बाजूला तोंड करूनच करावी. सूर्य चुकूनही नळीत आला आणि डोळा लागलेला असला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दिवसा दुर्बीण गच्चीवर एकटी सोडून चहाला जाऊ नये, नातवंडे असतातच. आणि नळीची टोपणे लावल्याशिवाय तर मुळीच नाही.

कार्यक्रमाच्या पाऊण तास आधी दुर्बीण उघड्यावर नेऊन ठेवावी. खोलीतल्या उबेमुळे नळीत गरम हवा खेळत राहते आणि ग्रह उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरतो.

७. बोलणे खाली, पाहणे वर

समजावून सांगण्याचे सगळे काम सभागृहात, पूर्ण उजेडात, पंधरा मिनिटांत उरकावे. याचे कारण व्यावहारिक आहे : ऐकू कमी येणारी माणसे समोरच्याचा चेहरा आणि ओठ पाहून निम्मे शब्द ओळखतात. अंधारात त्यांचा तो आधार जातो, मग ती हसून मान हलवतात आणि त्यांना काही कळलेले नसते.

फळ्यावर तीनच गोष्टी काढाव्यात. मृग नक्षत्राची आकृती, त्यातल्या मधल्या तीन ताऱ्यांची रेघ, आणि तीच रेघ दोन्ही बाजूंनी वाढवली तर कुठे पोहोचते ते. या वयाच्या मंडळींना नक्षत्रांची नावे पाठ असतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे म्हणून त्यांच्या जिभेवर असतात. सूर्य त्या त्या नक्षत्रात असतो तेव्हा पाऊस पडतो आणि नेमके तेव्हाच ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवून मावळत असल्याने दिसत नाही, ही जोड अनेकांना नवी असते आणि तिथून प्रश्नांना सुरुवात होते. राशिभविष्याचा विषय निघतोच. त्यावर वाद न घालता "आज पाहायचे काय" याकडे वळावे. वेळ मर्यादित आहे.

८. गच्चीवरचा क्रम

वर गेल्यावर पहिली वीस मिनिटे कोणतेही उपकरण उघडू नये. एकेकाला लाल टॉर्च दाखवत खुर्चीत बसवावे, सगळे बसल्यावर गच्चीतला शेवटचा दिवा घालवावा आणि नुसत्या डोळ्यांनी पाहायला लावावे. जानेवारीच्या मध्यावर रात्री आठला मृग आग्नेयेकडे, साधारण अर्ध्या उंचीवर असतो. मधल्या तीन ताऱ्यांची रेघ क्षितिजाच्या दिशेने वाढवली की सर्वांत तेजस्वी तारा व्याध. उलट वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्याही पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. मृगाच्या चौकोनात एका कोपऱ्यावर तांबूस काक्षी आणि समोरच्या कोपऱ्यावर निळसर राजन्य. रंग दिसला का, हे प्रत्येकाला विचारावे.

अगस्ती दाखवण्याची घाई जानेवारीत करू नये. तेव्हा आठला तो दक्षिणेकडे क्षितिजालगतच असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच वेळी तो पंधरा अंशांपर्यंत वर आलेला असतो. कृत्तिका जानेवारीत आठला जवळजवळ डोक्यावर असतात आणि माना अवघडतात. केवळ कृत्तिकांसाठी रात्र ठेवायची असेल तर डिसेंबरचा पहिला आठवडा घ्यावा, साडेसातला त्या पूर्वेकडे आरामात दिसतात.

नंतर बायनॉक्युलर. दोन असतील तर रांगेच्या दोन टोकांकडून फिरवावीत. पट्टा गळ्यात अडकवल्याशिवाय ते हातात देऊ नये, आणि कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवायला सांगावे. पहिले लक्ष्य कृत्तिका : नुसत्या डोळ्यांना शहरात धूसर ठिपका वाटणारा हा गुच्छ, सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरचा (म्हणजे त्याचा प्रकाश इथवर यायला तेवढी वर्षे लागतात), भिंगातून डझनावारी ताऱ्यांत फुटतो. दुसरे लक्ष्य मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खाली लोंबणाऱ्या फिकट ओळीतला तेजोमेघ. तो धुरकट डागासारखाच दिसतो, छायाचित्रातला गुलाबी रंग दिसत नाही. हे आधी सांगितले नाही तर निराशा होते.

चंद्राच्या रात्री थेट दुर्बिणीकडे वळता येते, पण एका वेळी एकच वस्तू लावावी आणि सगळ्यांनी पाहिल्यावरच दुसरी. षष्ठी-सप्तमीला थिओफिलसपासून सुरुवात करावी : सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचे हे विवर, मध्यभागी डोंगर. त्याच्या बऱ्याच उत्तरेला, शांतिसागराच्या सपाट पृष्ठावर, अपोलो ११ उतरले. भारतात तेव्हा २१ जुलै १९६९ ची मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजून गेले होते, आणि ती बातमी रेडिओवर ऐकलेली माणसे याच खुर्च्यांत बसलेली असतात. ध्वज किंवा यान दिसेल का, हा प्रश्न हमखास येतो. पृथ्वीवरच्या कोणत्याही दुर्बिणीतून ते दिसत नाही.

आता रांगेबद्दल. रांग लावू नये. दोन माणसे दुर्बिणीजवळच्या खुर्च्यांवर, बाकीची आपापल्या जागी. एकजण उठला की पुढच्याला नावाने हाक मारावी. शंभरपट वर्धनाला आकाशाचा जेमतेम चंद्राएवढा भाग दिसतो आणि ग्रह साधारण दोन मिनिटांत तो पार करून निघून जातो, म्हणून प्रत्येक माणसानंतर वस्तू पुन्हा मध्यावर आणावी. नळीला हात टेकवून कोणी बसणार नाही यासाठी शेजारी आधाराला दुसरी रिकामी खुर्ची ठेवावी. आधार हवाच असतो, आणि नसला की हात दुर्बिणीवरच जातो.

सावधान : "दिसतंय का?" असे विचारू नये. मागे लोक थांबले आहेत या संकोचाने आजी-आजोबा न दिसताही "हो हो, छान!" म्हणतात आणि उठतात. "गुरूच्या कोणत्या बाजूला जास्त ठिपके आहेत, काकू?" किंवा "विवराच्या मध्ये काय आहे?" असे विचारावे. उत्तर आले नाही तर डोळा आयपीसपासून किंचित मागे घ्यायला सांगावे, दुसरा डोळा मिटण्याऐवजी तळहाताने झाकायला सांगावा आणि आणखी एक मिनिट द्यावे. निम्म्या वेळा एवढ्याने काम होते.

हिरव्या लेसरने तारे दाखवण्याची पद्धत आता रूढ आहे. तो एकाच जबाबदार व्यक्तीच्या हातात असावा, मुलांना देऊ नये, आणि विमाने ये-जा करतात अशा भागात वापरूच नये.

९. वयाचा तारा आणि नोंदवही

पुन्हा पुन्हा लोक गच्चीवर येतात ते स्वतःचे काही पाहायचे राहिलेले असते म्हणून. त्यासाठी ताऱ्यांची अंतरे छापलेला एक कागद मोठ्या अक्षरांत करून द्यावा : व्याध साडेआठ प्रकाशवर्षांच्या थोडा पुढे, श्रवण १७, अभिजित २५, स्वाती ३७, ब्रह्महृदय ४३, रोहिणी ६५, मघा ७९. ज्यांचे वय ६५ आहे त्यांना रोहिणीचा जो प्रकाश आज दिसतो तो त्यांच्या जन्माच्या सुमारास निघालेला आहे. ज्यांच्या लग्नाला ४३ वर्षे झाली त्यांच्यासाठी ब्रह्महृदय. सप्तर्षींतले वसिष्ठ आणि अरुंधती साधारण ऐंशी प्रकाशवर्षांवर आहेत, म्हणजे सहस्रचंद्रदर्शन झालेल्यांचे तारे तेच. मे महिन्यात रात्री साडेआठला उत्तरेकडे ते चांगल्या उंचीवर असतात. वसिष्ठाजवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसणे ही दृष्टीची जुनी परीक्षा आहे, पण ती चष्म्यासह घ्यावी आणि कोणाला नापास करू नये.

नोंदवहीसाठी गुरूचे चार मोठे चंद्र सर्वांत योग्य. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० पासून ते नोंदायला सुरुवात केली तीही अशाच ठिपक्यांच्या रूपात. पानावर मध्ये एक वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील तसे ठिपके, शेजारी तारीख आणि वेळ, इतकेच काढायचे. या चारांतला सर्वांत आतला चंद्र आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो, सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो जवळजवळ सतरा दिवसांत, त्यामुळे आठवडाभर रोज कोणी ना कोणी वर जाऊन ठिपके टिपले तर फरक पानावरच दिसू लागतो. तीन ठिपके दिसले तर तीनच काढावेत. चौथा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो. पुस्तकात चार आहेत म्हणून चौथा काढणारे एक-दोनजण प्रत्येक गटात असतातच, त्यांना प्रेमाने आवरावे.

शनीबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी पृथ्वीवरून अगदी कडेवर आली होती. ती हळूहळू पुन्हा उघडत आहेत, पण चित्रातल्यासारखी रुंद दिसायला काही वर्षे जातील. बायनॉक्युलरमधून कडी दिसत नाहीत. किमान तीसपट वर्धन लागते.

१०. आवराआवर

शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत पांढरा दिवा लावू नये, असा मोह होतो. येथे नियम उलटा आहे. कार्यक्रम संपला की "दिवा लावतो, डोळे मिटा" असे मोठ्याने सांगून सगळे दिवे लावावेत आणि मगच लोकांना उठवावे. दीड तास बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरतो, म्हणून आधी खुर्चीतच पाय हलवून, मिनिटभर थांबून उठायला सांगावे. उतरताना डोकी मोजावीत आणि यादीशी ताळा करावा.

भिंगावर दव किंवा बोटाचा ठसा आलेला असेल तर सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने पुसू नये. दव तसेच सुकू द्यावे, टोपणे त्यानंतर लावावीत. ओले भिंग बंद करून ठेवले की बुरशी धरते आणि कोकणात तर एका पावसाळ्यात ती जाळ्यासारखी पसरते. धूळ फुंकणीने उडवावी, तोंडाने फुंकर मारू नये. उपकरण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून किंवा बदलून घ्याव्यात, आणि डब्यावर आतल्या वस्तूंची यादी, किल्ली कोणाकडे आहे ते आणि पुढच्या शुक्ल षष्ठीची तारीख लिहून ठेवावी.